चित्रकथाकाराचा वाटा

श्रोतेहो, अडचणीपायी उभे पीक व्यापाऱ्याला विकून टाकले, की पुढे भाव कितीही चढला तरी त्यातली दमडी शेतकऱ्याच्या पदरात पडत नाही. ही गोष्ट तुम्हांला मी सांगायला नको. पण चित्रकथा काढणाऱ्यांचेही असेच होत आले आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेतलेच उदाहरण घ्या. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन नावाचा वीर कल्पिला. १९३८ साली त्याची १३ पानांची पहिली कथा त्यांनी १३० डॉलरांना प्रकाशकाला दिली, आणि तिच्याबरोबर सुपरमॅनवरचा हक्कही लिहून दिला. पुढे त्या नावावर मासिके, चित्रपट, खेळणी यांचा केवढा तरी व्यापार झाला. ज्यांनी त्याला जन्म दिला ते दोघे मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. अखेर १९७५ साली लोकमताच्या रेट्यामुळे कंपनीने त्यांना वर्षासन बांधून दिले आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे कबूल केले.

या अनुभवातून पुढच्या पिढीने धडा घेतला. १९९२ साली सात नामवंत चित्रकारांनी एकत्र येऊन इमेज कॉमिक्स ही संस्था काढली. तिथे निर्मितीचा हक्क निर्मात्याकडेच राहू लागला. त्याच दशकात इंटरनेट पसरले. आता चित्रकाराने घरी बसून पान काढावे, ते इंटरनेटवर ठेवावे, आणि जगातल्या कुणीही ते वाचावे, अशी सोय झाली. अशा चित्रकथेला वेबकॉमिक म्हणतात. हक्क आपल्या हाती राहिला, वाचकही मिळाले; पण फुकट वाचणाऱ्यांच्या संख्येवर काही चूल पेटत नाही! मग पुस्तक छापायला भांडवल आणायचे कोठून?

शिकागोच्या स्पाइक ट्रॉटमन यांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. या कृष्णवर्णीय लेखिका-चित्रकर्तीने २००५ साली स्वतःची चित्रकथा इंटरनेटवर सुरू केली. २००७ साली त्यांनी आयर्न सर्कस कॉमिक्स ही प्रकाशनसंस्था काढली आणि पुढे इतरांचीही पुस्तके हाती घेतली. २००९ साली किकस्टार्टर निघाले होते. ही पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. आपल्याकडे प्रकाशनपूर्व नोंदणी असते ना, तसेच हे. पुस्तक निघण्याआधी वाचक पैसे देण्याचे कबूल करतात; ठरलेली रक्कम जमली नाही, तर कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत. काटकसरीने संसार कसा करावा हे चित्रांतून सांगणारे ‘पुअरक्राफ्ट’ हे त्यांचे पुस्तक याच मार्गाने निघाले.

खरी गंमत पुढे आहे. २०१२ साली त्यांनी स्त्रियांच्या दृष्टीने रचलेल्या प्रौढ शृंगारकथांचा एक संग्रह काढायचे ठरविले. मागितले २० हजार डॉलर, जमले ८३ हजारांवर. वरचा सगळा पैसा प्रकाशकाने खिशात घातला असता, तरी कोण विचारणार होते? पण ट्रॉटमन यांचा नियम असा, की जमा वाढली की चित्रकारांचा दर पानामागचा मोबदलाही वाढवायचा. म्हणजे भाव चढला, तर पिकविणाऱ्यालाही त्यात वाटा! हा धर्मादाय नव्हे बरे का. प्रकाशकही त्यात कमावतो. पण चांगले चित्रकार अशा प्रकाशकाकडे पुन्हा येतात, हा त्यातला व्यवहार आहे.

ट्रेसी बटलर यांची ‘लॅकाडेझी’ ही चित्रकथा २००६ साली इंटरनेटवर आली. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकणाऱ्या मांजरांची ही गोष्ट. याच संस्थेच्या पाठबळावर २०२३ साली तिचा चलच्चित्रपट निघाला.

शिक्षक बंधुभगिनींनो, वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढणारे एखादे मूल तुमच्याही वर्गात असेल. त्याला रेषा शिकवाच. पण कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, हेही शिकवा. सीगल आणि शूस्टर यांना हे वेळेवर सांगणारे कुणी भेटले नाही.