सरकीची हिरवळ

खान्देशातल्या एरंडोलच्या शिवारात सरकीला मुख्यतः दोनच वाटा ठाऊक: एक तेलाच्या घाण्याकडे, दुसरी गुरांच्या गव्हाणीकडे. तेल निघालं की ढेप म्हशीपुढे जाते. टरफलाची आठवण कोणी ठेवत नाही. मेक्सिकोत कापूस पिकवणाऱ्या थॉमस मॅक्युलक फेअरबेर्न या गोल्फवेड्या इंग्रजाने ती ठेवली. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सरकीची टरफलं, वाळू, तेल आणि हिरवा रंग यांचं मिश्रण जमिनीवर अंथरलं. त्यावरून चेंडू गवतावरून घरंगळावा तसा घरंगळू लागला. मिनी गोल्फ पुढे गच्चीवर चढला आणि बंद दालनात शिरला, त्यात या बिनगवताच्या हिरवळीचा वाटा मोठा आहे.

त्याआधी १८६७ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांसाठी वेगळं छोटं मैदान निघालं होतं. बाईमाणसाने काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणं बरं दिसत नाही, अशी तिथल्या सभ्य मंडळींची समजूत. म्हणून चेंडू नुसता ढकलायचा. त्या समजुतीचं कौतुक करण्यासारखं काही नाही, पण तिच्यामुळे एक खेळ असा तयार झाला की ज्यात ताकदीला भाव नव्हता. सहा वर्षांचं पोर आणि चाळिशीचा बाप बरोबरीने खेळू शकतील असे खेळ मुळात थोडे; हा त्यांपैकी एक. अमेरिकेत गार्नेट कार्टर याने १९२७च्या सुमारास आपल्या हॉटेलाशेजारी ‘टॉम थंब गोल्फ’ सुरू केला, आणि १९३० साली तर त्याची साथच आली. न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर शंभराहून अधिक मैदानं होती. मंदीत लोकांना स्वस्त करमणूक हवी होती, ती या खेळात मिळाली. पुढे तो बहरही ओसरला.

खान्देशात गोल्फ रुजला नाही. रुजला तो कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इथल्या मालाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगावात पोचली. एरंडोल तेव्हा खान्देश जिल्ह्याच्या एका मोठ्या तालुक्याचं ठाणं. हातकागदासाठी एकेकाळी नावाजलेलं हे गाव कापूस आणि धान्याच्या व्यापारावर जगत होतं.

कापसाचा पैसा वर्षभर हातात खेळत नाही, आणि इथल्या खेळाचं पंचांग नेमकं यावरच बेतलेलं होतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि नवं सुरू होतं. त्या दिवशी हिशेब होतो, पैसे हाती पडतात, शेत मोकळं असतं आणि वरून ऊन रणरणत असतं. मग सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर कविता केली. पुरुष मात्र ओट्यावर, देवळात, झाडाखाली पत्त्यांचे डाव मांडून बसतात. एरवी नाकं मुरडणारी वडीलधारी मंडळीही त्या दिवशी काणाडोळा करतात. एकचक्रा नगरी म्हणवून घेणारं एरंडोल पांडवांची आठवण जपतं, आणि फाशांपायी सगळं घालवून बसलेलेही तेच पांडव. आखाजीचा पत्त्यांवर एवढा लोभ का, याचं उत्तर पुराणापेक्षा सालदाराच्या हिशेबात शोधलेलं बरं.

या सगळ्यात बापलेक एका डावात कुठे दिसत नाहीत. झोका बायकांचा, पत्ते पुरुषांचे, पोरांना गोट्या नाहीतर विटीदांडू. एकत्र येण्याची जागा एकच, ती म्हणजे यात्रा. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी बोरी नदीचं पात्र दुकानांनी भरतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. तिथे पाळणे, मौत का कुआँ, छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडणं, साबणाच्या वडीवर रिंग टाकणं. मात्र तिथेही बाप पैसे देऊन उभा राहायचा. फार तर बंदूक कशी धरायची ते दाखवण्याच्या निमित्ताने दोन फुगे स्वतः फोडून घ्यायचा.

रिंग टाकणं हा खेळ की जुगार, हा प्रश्न सरकारलाही पडला होता. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. निव्वळ कौशल्याचा खेळ त्यातून वगळला होता. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून चाललेल्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली हा भेद आणखी स्पष्ट केला: जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरतं, ती स्पर्धा जुगार नव्हे. न्यूयॉर्कने तर १९४२ साली पिनबॉलवरच बंदी घातली. पोलिसांनी घणाने यंत्रं फोडली. १९७६ साली रॉजर शार्प याने नगरसेवकांपुढे आधी सांगून नेमका तसाच चेंडू मारून दाखवला, तेव्हा कुठे बंदी उठली.

नव्वदच्या दशकात आपल्या शहरांत व्हिडिओ गेमची पार्लरं आली, तीही असलाच संशय सोबत घेऊन. अंधारी खोली, नाणं टाकायची यंत्रं, शाळा बुडवून आलेली पोरं. कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ पोरांनी त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ करून टाकला. बाप या खोलीत यायचा तो कान धरायला.

हा बाप स्वतःच खेळायला आत आला तो मॉलबरोबर, आणि इथे कापूस पुन्हा भेटतो. मुंबईत फिनिक्स मिल या कापड गिरणीच्या आवारात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोलिंगची जागा निघाली. परवानगी कामगारांच्या करमणुकीसाठीची होती, असं पुढे उघड झालं आणि गिरणगाव खवळलं. २०१२ साली कमला मिलच्या आवारात ‘स्मॅश’ हा गेम झोन आला. जळगावात मूळजी जेठांच्या पेढीची खान्देश मिल होती. तिच्या जागेवर स्टेशनजवळ खान्देश सेंट्रल मॉल उभा राहिला. एरंडोलपासून हे अंतर साधारण तीस किलोमीटर, महामार्गाने सरळ.

गेम झोनला आखाजी लागत नाही की दत्तजयंती. कोणताही रविवार चालतो. कार्डात पैसे भरायचे आणि दर खेळाला ते घासायचं. एअर हॉकीच्या टेबलाला दोन बाजू असतात, म्हणून पोरापुढे कोणीतरी उभं राहावंच लागतं. यंत्राच्या या रचनेने जेवढ्या बापांना खेळात ओढलं, तेवढं पालकत्वावरच्या पुस्तकांनी ओढलं नसेल. मिनी गोल्फमध्ये तर आळीपाळीने मारायचं, म्हणजे दुसऱ्याची पाळी होईपर्यंत थांबणं आलं आणि थांबताना बोलणं आलं. आईही आता काठी हातात घेते. झोका आणि पत्त्यांची वाटणी इथे नाही.

या दालनांची दुसरी बाजू २५ मे २०२४ रोजी राजकोटने दाखवली. टीआरपी गेम झोनला आग लागली आणि २५हून अधिक माणसं गेली, त्यांत मुलंही होती. अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला त्या जागेला नव्हता. यात्रेतला पाळणा उघड्यावर असतो आणि त्याचा कुरकुरणारा सांधा लांबूनही ऐकू येतो. बंद दालनात छत कशाचं आहे, वायरी कुठून गेल्या आहेत, बाहेर पडायला दुसरं दार आहे की नाही, हे तिकीट काढणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. अग्निशमन विभागाचा दाखला दर्शनी भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी लावण्याची सक्ती करायला काय हरकत आहे?