शिर सलामत

डोक्यावर काय घातले आहे यावरून माणूस ओळखण्याचा काळ आपल्याकडे फार जुना नाही. पगडी दिसली की शास्त्रीबुवा, पागोटे दिसले की पाटील, रुमाल दिसला की कचेरीतले कारकून आणि फेटा दिसला की आखाड्यातला गडी. उघड्या डोक्याने कोणी दारात उभा राहिला, तर घरातली म्हातारी माणसे काळजीने विचारीत, "कोण हो गेले?" डोक्यावरचे वस्त्र ऊन-वाऱ्यासाठी थोडे आणि अब्रूसाठी फार. 'शिर सलामत तो पगडी पचास' ही म्हण आपण तोंडाने म्हणतो खरे. पण वागताना पुष्कळदा आधी पगडी सांभाळतो आणि मग शिर.

क्रिकेटचा इतिहास वाचताना मला या म्हणीची वारंवार आठवण होते. फलंदाजाने डोक्यावर हेल्मेट घालावे की नाही, हा वाद या खेळात पुष्कळ वर्षे चालला. वरवर पाहता तो इजेचा आणि बचावाचा वाद. त्याच्या तळाशी गेले, की तिथे मात्र लोक काय म्हणतील ही आपल्या ओळखीची धास्ती बसलेली दिसते.

प्रथम चेंडूचे पाहू. हा मुलांच्या हातातला रबरी चेंडू नव्हे. कॉर्कच्या गाभ्यावर दोरा घट्ट गुंडाळून वर कातडे शिवलेले; वजन सुमारे १६० ग्रॅम. खेळपट्टी २२ यार्डांची. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हातातून सुटल्यावर अर्धा सेकंद पुरा व्हायच्या आत फलंदाजापाशी येतो. तेवढ्यात त्याने चेंडू पाहायचा, टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा आणि बॅट आणायची. शंभर वेळा हे साधते. एकशेएकाव्या वेळी चेंडू खड्ड्यावर पडून भलताच उसळतो, किंवा नजर क्षणभर हलते. मग कितीही कसलेला खेळाडू असला तरी तो आणि नवशिका सारखेच.

१८७० च्या जून महिन्यात लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर असेच झाले. नॉटिंगहॅमशायरचा जॉर्ज समर्स डोक्याला चेंडू लागून पडला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याच्यामागून खेळायला आलेला रिचर्ड डाफ्ट डोक्याला टॉवेल गुंडाळून आला. चेंडू टाकणाऱ्या जॉन प्लॅट्सने त्यानंतर वेगाने गोलंदाजी करणेच सोडले, असे नमूद आहे. म्हणजे धोका कळला नव्हता असे मुळीच नाही. दीडशे वर्षांपूर्वीच तो कळला होता, आणि साधा का होईना, टॉवेलचा उपायही सुचला होता.

पण त्या टॉवेलचे शिरस्त्राण व्हायला शतक उलटावे लागले. पायांना पॅड आले, हातांना मोजे आले आणि ते अंगवळणीही पडले. पायाचे हाड मोडले तर दोन-तीन महिन्यांत जुळते. ते झाकणे शहाणपणाचे ठरले. डोक्याचे हाड मोडले तर माणूस जातो. ते झाकणे भित्रेपणाचे ठरले. कारण डोके मोकळे नव्हते ना! तिथे आधीच टोपी बसली होती. संघाची, काउंटीची, देशाची टोपी. तिच्यावर दुसरे काही चढवायचे म्हणजे मानाला उणेपणा.

१९३३ च्या जानेवारीत ॲडलेड येथे हॅरॉल्ड लारवुडचा चेंडू बर्ट ओल्डफील्डच्या डोक्याला लागला आणि त्या ऑस्ट्रेलियन यष्टिरक्षकाच्या कवटीला तडा गेला. 'बॉडीलाइन' म्हणून गाजलेली मालिका ती हीच. त्याच वर्षी इंग्लंडमधील उन्हाळ्यात पॅट्सी हेंड्रेन वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांसमोर एक विचित्र टोपी घालून उभा राहिला. तिला तीन झडपा होत्या: एक नेहमीसारखी कपाळावर, आणि दोन कान व कानशिले झाकणाऱ्या. आत स्पंजाचे अस्तर होते. हेंड्रेनला दोन वर्षांपूर्वी डोक्यावर मार बसला होता, आणि ही टोपी त्याच्या पत्नीने तयार केली होती. मैदानावर एकच खळबळ उडाली.

मला त्या टोपीइतकेच तिच्या शिवणकामाचे कौतुक वाटते. संघ निवडणारे, नियम करणारे, वर्तमानपत्रांत लिहिणारे सारे पुरुष धैर्याची चर्चा करीत असताना एका घरात एक बाई सुईदोरा घेऊन बसली. तिच्यापुढे प्रश्न अगदी साधा होता. नवरा सामन्याला जाणार आहे, तो धड परत यावा. स्पंज होता, कापड होते, अक्कल होती. १९३३ साली उपाय तयार होता. लोकांची दृष्टी मात्र तयार नव्हती.

आपल्याकडे तरी काय वेगळे होते? सी. के. नायडूंची एक गोष्ट जुने क्रिकेटवेडे रंगवून सांगत. १९५१-५२ च्या हंगामात मुंबई आणि होळकर यांची रणजी करंडकासाठी गाठ पडली. नायडूंनी पन्नाशी केव्हाच ओलांडलेली. कोल्हापूरच्या दत्तू फडकरांचा बंपर त्यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. नायडूंनी ते बॅटने बाजूला सारले आणि फडकरांना सांगितले की, माझी गय करू नकोस, तसाच वेगाने टाक.

गोष्ट ऐकून आजही अंगावर काटा येतो. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा जखमी नायकाची किंमत मला ठाऊक आहे. रक्त दिसले की वाचक पान उलटायचे थांबत नाही. पण दात नायडूंचे गेले आणि गोष्ट आपल्याला मिळाली, हेही विसरून चालणार नाही. गोष्टी सांगणाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी दुसऱ्याच्या जखमांवर धैर्याची व्याख्या केली, आणि पुढच्या मुलांनी ती खरी मानली.

या व्याख्येची पुरती किंमत १९६२ साली भारताच्या कर्णधाराने मोजली. १७ मार्च रोजी बार्बाडोस बेटावर ब्रिजटाउन येथे भारतीय संघ स्थानिक संघाशी खेळत होता. नरी काँट्रॅक्टर हा डावखुरा सलामीवीर धैर्यात कोणाला हार जाणारा नव्हता. १९५९ साली लॉर्ड्सवर बरगडी मोडलेली असताना त्याने ८१ धावा केल्या होत्या. चार्ली ग्रिफिथ धावत आला त्या वेळी तंबूकडची एक खिडकी कोणीतरी उघडली, आणि लक्ष क्षणभर विचलित झाले, असे काँट्रॅक्टर यांनी पुढे सांगितले. चेंडू डोक्यावर बसला. कवटी फुटली. शस्त्रक्रिया झाल्या, रक्ताची गरज लागली, आणि रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. भारतीय संघातले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले. पुढच्या कसोटीत अवघ्या एकवीस वर्षांच्या पतौडींच्या गळ्यात कर्णधारपद पडले. काँट्रॅक्टर पुढे प्रथम श्रेणीचे सामने खेळले, परंतु कसोटी सामना त्यांच्या नशिबी पुन्हा आला नाही.

वॉरेल यांच्या रक्तदानाची आठवण बंगालमध्ये १९८१ पासून रक्तदानाचा दिवस पाळून ठेवली गेली. फार चांगले झाले. पण त्या प्रसंगाचा दुसरा धडा, डोके झाकण्याचा, घ्यायला कोणी पुढे झाले नाही. १९७६ च्या एप्रिलमध्ये जमैकातील किंग्स्टन येथे भारतीय फलंदाज पुन्हा उघड्या डोक्याने मायकेल होल्डिंग आणि त्याच्या साथीदारांसमोर उभे होते. अंशुमन गायकवाड ८१ धावांवर कानावर चेंडू लागून रुग्णालयात गेला. विश्वनाथचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला मार बसला. बिशनसिंग बेदीने सहा गडी बाद असतानाच पहिला डाव सोडून दिला. दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर खेळायला उतरण्याजोगा कोणी उरला नाही. ९७ धावांवर डाव संपला.

मग चक्र फिरले, तेही एकदम नव्हे. १९७७ मध्ये इंग्लंडच्या माइक ब्रेअर्लीने टोपीखाली कवटीला बसणारे एक कवच घातले. त्याच वर्षअखेर ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांच्या सामन्यांत डेव्हिड हूक्सचा जबडा मोडला, आणि डेनिस एमिस मोटारसायकलवाल्यासारखे शिरस्त्राण घालून खेळू लागला. कसोटी सामन्यात पुरे हेल्मेट घालणारा पहिला खेळाडू ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप. तो सामना १७ मार्च १९७८ रोजी सुरू झाला, आणि गाव होते ब्रिजटाउन! काँट्रॅक्टर जिथे कोसळले त्याच गावी, बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला. प्रेक्षकांनी यालपची हुर्यो उडवली. हेंड्रेनच्या टोपीपासून मोजले तर पंचेचाळीस वर्षे झाली होती, आणि लोक अजून हसतच होते.

हेल्मेटने खेळातले शौर्य ओसरले काय? दादरच्या शिवाजी पार्कच्या मातीत वाढलेल्या संदीप पाटीलला विचारावे. १९८१ च्या जानेवारीत सिडनी येथे लेन पास्कोचा चेंडू त्याच्या कानावर बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याच महिन्यात ॲडलेडच्या कसोटीत तो हेल्मेट घालून उतरला आणि १७४ धावा ठोकल्या. त्या धावा पाहणाऱ्या कोणाला त्यात भित्रेपणा दिसला असेल, असे मला वाटत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सुनील गावसकर कारकिर्दीचा बराच मोठा भाग उघड्या डोक्याने खेळले. जड हेल्मेटने मान हलवायला वेळ लागेल, अशी त्यांची अडचण होती. पुढे त्यांनीही टोपीखाली एक पातळ कवच बसवून घेतले. व्हिव्ह रिचर्ड्सने तर शेवटपर्यंत हेल्मेट घातले नाही. आणखीही एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. डोके झाकले की फलंदाज चेंडूवरची नजर काढण्याइतका बेफिकीर होतो, आणि गोलंदाजालाही डोक्याच्या रोखाने टाकताना फारसे काही वाटत नाही. यात तथ्य आहे. पण त्यावरचा इलाज शिकवणे हा आहे. डोके उघडे ठेवणे हा नव्हे. छत्री घेतल्याने माणूस पावसात जास्त भटकतो, म्हणून कोणी छत्र्या जाळीत नाही.

आमच्या गावच्या शाळेत मी इतिहास शिकवतो. मैदानावर मुले सीझन चेंडूने खेळतात आणि पेटीत हेल्मेटे दोनच. यंदा पैसे थोडे जमले, तेव्हा नवी बॅट घ्यावी की आणखी हेल्मेटे, असा प्रश्न पडला. मुलांचा कल अर्थातच बॅटकडे. नववीतला एक उंचापुरा मुलगा म्हणाला, "सर, हेल्मेट घातलं की पोरं घाबरट म्हणतात." मी त्याला प्रतापगड आठवायला सांगितले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला निघाले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप होता, असे इतिहासकार सांगतात. तो टोप घातला म्हणून साडेतीनशे वर्षांत कोणी महाराजांना घाबरट म्हटले आहे काय? मुलगा हसला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पण सर, तो मंदिलाखाली होता. दिसत नव्हता."

पोराने नेमके वर्मावर बोट ठेवले. ब्रेअर्लीचे कवच टोपीखाली, गावसकरांचेही टोपीखाली. दिसणारे शिरस्त्राण घालायला वेगळे धैर्य लागते, ते चारचौघांचे हसू सोसण्याचे. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत दुचाकीवरच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध मिरवणूक निघाली होती. त्यामुळे हसणारे काही ब्रिजटाउनलाच राहतात असे नाही.

हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही मुलांना सांगावे लागते. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. षटकाचे थोडेच चेंडू उरले आहेत म्हणून हेल्मेट मागवले नाही. चेंडू डोक्यावर बसला आणि तीन दिवसांनी तो गेला. २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीला फिलिप ह्यूजच्या डोक्यावर हेल्मेट होते. चेंडू त्याच्या कडेखाली, मानेवर लागला. पंचवीस वर्षांचा मुलगा दोन दिवसांत गेला. त्यानंतर मानेचे रक्षक आले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाने वेगवान गोलंदाजीसमोर ते सक्तीचे केले. २०१९ च्या ऑगस्टपासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत मिळाली. आता पडलेल्या माणसाला 'ऊठ आणि खेळ' म्हणण्याचे कारण उरलेले नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याने जग पाहिले आहे अशा रिचर्ड्ससारख्या प्रौढाने आपल्या डोक्याचे काय करायचे ते ठरवावे. पण शाळेच्या मैदानावर ही निवड मुलावर सोपवू नये. चौदा वर्षांच्या पोराला हसणाऱ्या मित्रांची भीती चेंडूपेक्षा मोठी वाटते. नियम मोठ्यांनी करावा आणि त्याचा वाईटपणाही मोठ्यांनीच घ्यावा. सगळ्यांच्याच डोक्यावर हेल्मेट असले, की हसायला कोणी उरत नाही.

काँट्रॅक्टर यांच्या डोक्यात त्या दुखापतीनंतर धातूची एक पट्टी बसवली होती. ती २०२२ साली मुंबईत शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्या वेळी ते ८८ वर्षांचे होते. साठ वर्षे त्यांनी ती कवटीच्या आत वागवली. आमच्या शाळेत यंदा बॅट घेतली नाही. चार हेल्मेटे आणली आहेत, आणि दिवाळीची सुट्टी संपली की मुले ती घालून खेळायला उतरतील.