राय गवतावरची बुरशी : एका वर्गीकरणाचा मागोवा

ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडच्या कुरणांत दुभत्या जनावरांचा चारा म्हणजे मुख्यतः राय गवत. थंड, ओलसर हवेत त्याच्या पात्यांवर चॉकलेटी रंगाचे बारीक ठिपके उठतात. ते लांबट होत एकमेकांत मिसळतात आणि पातं शेंड्याकडून वाळत जातं. रोगाची ही लक्षणं तीच राहिली, पण तो करणारी बुरशी कुठल्या प्रजातीत घालायची, हा वाद मात्र बराच लांबला.

त्याची सुरुवात गवतावर झालीच नाही. १८०९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक यांनी मेलेल्या लाकडावर वाढणाऱ्या मखमली बुरशीसाठी ‘हेल्मिंथोस्पोरियम’ ही प्रजाती निर्माण केली. पुढे शतकभर गडद रंगाचा, लांबोळा, आडव्या पडद्यांनी विभागलेला बीजाणू दिसला की अभ्यासक तो याच प्रजातीत टाकू लागले. मका, गहू, भात आणि कुरणातलं गवत यांच्यावरच्या कितीतरी बुरश्या अशा एकाच नावाखाली जमा झाल्या.

या पसाऱ्यात पहिल्यांदा नीट हात घातला तो अमेरिकन कृषी खात्यातल्या चार्ल्स ड्रेश्लर यांनी. १९२३ मध्ये त्यांनी गवतवर्गीय वनस्पतींवरच्या जातींवर सुमारे शंभर पानांचा सचित्र प्रबंध प्रसिद्ध केला. राय गवतावरच्या बुरशीचं ‘हेल्मिंथोस्पोरियम सिक्कन्स’ हे नामकरण त्यातलंच.

पुढचा टप्पा एका सोप्या निरीक्षणावर उभा राहिला. पक्व बीजाणू पाण्याच्या थेंबात ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, अंकुरनळी कुठून फुटते. काही जातींत ती फक्त दोन टोकांच्या पेशींतून येते. हे बीजाणू बहुधा मधे फुगीर आणि किंचित वाकलेले असतात. इतर जातींचे बीजाणू सरळ, नळकांड्यासारखे, आणि त्यांच्या मधल्या पेशींतूनही अंकुर बाहेर पडतात. राय गवतावरची बुरशी या दुसऱ्या गटातली.

हे दोन गट जपानच्या निसिकाडो यांनी १९२८ च्या सुमारास मांडले. त्यांचेच देशबांधव इतो यांनी १९३० मध्ये सरळ बीजाणूंच्या गटाला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि ड्रेश्लर यांच्या सन्मानार्थ तिला ‘ड्रेश्लेरा’ म्हटलं. १९५९ मध्ये कॅनडाच्या शूमेकर यांनी टोकांतून अंकुरणाऱ्या जातींसाठी ‘बायपोलॅरिस’ ही प्रजाती काढली आणि सिक्कन्सला ड्रेश्लेरात हलवलं. १९७४ मध्ये लेनर्ड आणि सग्ज यांनी, बीजाणूच्या बुडाशी ठळक उंचवटा असलेल्या जाती ‘एक्सेरोहायलम’मध्ये वेगळ्या केल्या.

बायपोलॅरिसचं हे वेगळेपण सगळ्यांना पटलं नाही. आपल्याकडे सुब्रमणियन आणि जैन यांनी १९६६ मध्ये गवतांवरच्या अनेक जाती सरसकट ड्रेश्लेरात घेतल्या, आणि १९७१ च्या एलिस यांच्या बहुवापरातल्या ग्रंथानेही बायपोलॅरिसला वेगळं स्थान दिलं नाही. त्यामुळे एकच बुरशी दोन प्रयोगशाळांत दोन नावांनी ओळखली जाई.

त्यात आणखी एक गुंता होता. अशा बुरशीची लैंगिक अवस्था वेगळी दिसते आणि तिला वेगळं नाव देण्याची नियमानेच मुभा होती. सिक्कन्सची ही अवस्था १९४८ मध्ये डोव्हॅस्टन यांनी ‘पायरेनोफोरा लोलिआय’ या नावाने नोंदवली. एका जिवाला दोन नावं लावण्याची ही पद्धत २०११ च्या मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मोडीत निघाली. पायरेनोफोरा ही प्रजाती फ्रीस यांनी १८४९ मध्येच स्थापलेली, ड्रेश्लेरापेक्षा कितीतरी जुनी. त्यामुळे दोन्हींतून एक निवडायचं तर पारडं तिच्या बाजूला झुकतं.

तोवर डीएनएचा पुरावाही हाती आला होता. लिंक यांची लाकडावरची बुरशी गवतावरच्या या मंडळींच्या कुळातली नाहीच, हे त्याने दाखवलं. पायरेनोफोरा-ड्रेश्लेरा, बायपोलॅरिस आणि एक्सेरोहायलम हे गट मात्र वेगवेगळे ठरले. बायपोलॅरिसमधल्या काही जाती ‘कर्व्ह्युलॅरिया’ या दुसऱ्या प्रजातीत गेल्या, एवढी दुरुस्ती करावी लागली. थेंबभर पाण्यात अंकुर न्याहाळणाऱ्यांनी आखलेली सीमारेषा बव्हंशी बरोबर होती.

याचा उपयोग इथल्या वाचकालाही आहे. आपल्याकडच्या मक्यावर येणाऱ्या टर्सिकम करप्याची बुरशी आज एक्सेरोहायलममध्ये आहे, पण जुन्या पुस्तकांत ती हेल्मिंथोस्पोरियमखालीच सापडेल. तेव्हा पीकरोगाची माहिती काढताना बुरशीचं केवळ आजचं नाव शोधून थांबू नका. तिची जुनी नावंही सोबत घ्या, नाहीतर पन्नास वर्षांचं संशोधन हातातून निसटेल.