मेलेल्या माकडाची खबर

काजूचा हंगाम जवळ आला की आमच्या केंद्रावर एकच विषय निघतो, माकडतापाचा. रानात जायचं की नाही? पातेरा गोळा करायचा की नाही? न जाऊन चालत नाही, आणि जायची धास्ती वाटते. म्हणून आज आम्ही या तापाचा इतिहास सांगणार आहोत. नवा आजार आला हे आधी कुणाला कळतं, त्याला नाव कसं मिळतं आणि त्याचा माग कसा काढतात, हे त्यात आपोआप येईल.

गोष्ट १९५७ सालची. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. त्या वर्षी तिथल्या गावांत जोराचा ताप आला. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग मोडून यायचं, काहींना रक्तस्राव व्हायचा. त्याच सुमारास जंगलात वानरं आणि माकडं मरून पडत होती. गावकऱ्यांनी या दोन गोष्टींची सांगड स्वतःच घातली. त्यांनी या तापाला कानडीत माकडांचा आजार असंच नाव दिलं. प्रयोगशाळेचं उत्तर यायच्या आधी लोकांनी अर्धं उत्तर काढलं होतं.

माकडं मरत असल्याची बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोचली. हे केंद्र १९५२ साली सुरू झालं होतं, आज त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी काळजीत पडले. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर आला की आधी माकडं मरतात, हे त्यांना ठाऊक होतं. आशियात तो आजार कधीच आला नव्हता. तो इथे शिरला असता तर हाहाकार झाला असता.

पथक जंगलात गेलं. त्या काळी विषाणू शोधायची रीत अशी होती. आजारी माणसाच्या रक्ताचा किंवा मेलेल्या माकडाच्या अवयवाचा अंश उंदराच्या तान्ह्या पिल्लांना टोचायचा आणि वाट पाहायची. पिल्लं आजारी पडली की त्यांच्यातून विषाणू वेगळा करायचा. मग तो आधी माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून बघायचा. यात दिवसांमागून दिवस जायचे. उत्तर आलं तेव्हा पीतज्वराची भीती फिटली, पण हा विषाणू निराळाच निघाला. त्याचे जवळचे भाऊबंद दूर रशियाच्या जंगलात होते, आणि ते गोचिडीमार्फत पसरत. म्हणून पथकाने जंगलातल्या गोचिडी गोळा करून तपासल्या. त्यांच्यात तोच विषाणू सापडला. माणूस, माकड आणि गोचीड अशी साखळी जुळली. जंगलाच्या नावावरून आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असं नाव पडलं.

मैत्रिणींनो, या साखळीतली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाल्यात पसरतात. आपण तिथे लाकडं मोडायला, काजू वेचायला वाकतो. म्हणून घरातल्या तापकरी बाईला वाळीत टाकू नका. जपायचं ते रानात.

पुढे हा आजार हळूहळू सरकत आला. १९८२ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात जंगल तोडून काजू लागवड झाली आणि तिथे मोठी साथ आली. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात तो उतरला. जिथे माणूस नव्याने जंगलात शिरतो, तिथे जंगलातले आजार माणसात शिरतात.

मात्र आता शोधायची रीत बदलली आहे. आरटीपीसीआर हा शब्द कोरोनाने आपल्या तोंडी बसवला. नमुन्यात विषाणूचा बारीकसा अंश असला तरी ही तपासणी त्याच्या असंख्य प्रती काढते, म्हणजे तो दिसू लागतो. जिथे पूर्वी दिवसांमागून दिवस जायचे, तिथे आता नमुना पोचल्यावर काही तासांत उत्तर निघतं. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातला कोरोनाचा पहिला रुग्ण केरळात सापडला. त्याचा नमुनाही पुण्यातच तपासला होता.

दुसरी रीत आहे जनुकक्रम वाचण्याची. समजा, एकीने आरती वहीत उतरवून घेतली आणि एक शब्द चुकला. तिच्या वहीवरून जिने उतरवली, तिच्याही वहीत तीच चूक येणार. सगळ्या वह्या शेजारी ठेवल्या तर कुणी कुणाची वही घेतली ते कळतं. विषाणूही स्वतःच्या प्रती काढताना अशाच चुका करतो. त्या चुका जुळवून तो कुठून कुठे गेला हे शास्त्रज्ञ सांगतात.

तिसरी रीत सांडपाण्याची. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू आहे का, हे तपासलं जातं. एकही मूल लुळं पडायच्या आधी पाणी इशारा देऊ शकतं.

एवढी यंत्रं आली, तरी पहिली खबर द्यायला कुणीतरी लागतंच. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या पथकाने गावात जाऊन ४१ जणांचं रक्त घेतलं. २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू आणि एका महिलेला झिका निघाला. महाराष्ट्रातला तो पहिला झिका रुग्ण. गावातल्या तापाची नोंदच झाली नसती, तर पथक आलं नसतं आणि झिका कुणाला कळलाही नसता.

आपल्यात मात्र एक खोड आहे. बाईला ताप आला की ती म्हणते, अंगात जरा कसकस आहे, काढा घेते. घरचेही म्हणतात, उद्या बघू. असा लपलेला ताप कुठल्याच यंत्राला सापडत नाही.

म्हणून आम्ही आमच्या गटात चार गोष्टी ठरवल्या आहेत. रानात किंवा बागेत मेलेलं माकड दिसलं, तर हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, आणि त्याच दिवशी आशाताईंना नाहीतर ग्रामपंचायतीला कळवायचं. रानात जाताना अंगभर कपडे घालायचे. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची, कपडे धुवायचे, अंगावर गोचीड आहे का बघायचं. आणि ताप आला तर आरोग्य केंद्रात जाऊन, मी रानात गेले होते, हे आपणहून सांगायचं. या तापावर नेमकं औषध नाही. पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

क्यासनूरच्या लोकांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी पाहिलं आणि ते बोलले. तेवढं आपणही करू शकतो. काळजी घ्या, आणि दिसलं ते सांगा.