पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपवर नवा भारी गेम चालतो का? पैसे भरण्याआधी हे चार आकडे बघा

इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली की पिंपळे गुरवमधल्या बऱ्याच घरांत एक चर्चा हमखास रंगते. लॅपटॉप घ्यायचाय. बजेट पन्नास, फार फार तर साठ हजार. घरच्यांना सांगितलेलं कारण असतं कोडिंग, ऑटोकॅड आणि प्रोजेक्ट. न सांगितलेलं कारण असतं गेम.

वडील भोसरी नाहीतर चाकणच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे, पैसे ईएमआयवर. म्हणजे लॅपटॉप एकदाच येणार आणि डिग्री संपेपर्यंत चार वर्षं तोच वापरायचा. खोका फोडल्यावर 'गेम चालत नाही' म्हणून तो सहसा कुणी परत घेत नाही. दुकानात विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "सगळं चालतंय."

खरी गडबड या 'चालतंय' शब्दातच आहे.

'चालतो' म्हणजे नेमकं काय?

याचे तीन अर्थ होतात. पहिला, गेम सुरू होतो. दुसरा, गेम खेळता येतो. तिसरा, गेम जसा दिसायला हवा तसा दिसतो. दुकानदार पहिल्या अर्थाने बोलत असतो आणि पोरगं तिसऱ्या अर्थाने ऐकत असतं.

फरक मोजायचं माप म्हणजे एफपीएस, एका सेकंदात पडद्यावर येणारी चित्रं. 60 एफपीएससाठी लॅपटॉपला एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंदांत तयार करावं लागतं. 30 एफपीएससाठी 33.3 मिलिसेकंद मिळतात. सिनेमा 24 चित्रांवर चालतो, पण सिनेमात आपण बटण दाबत नसतो. गेममध्ये 30 च्या खाली गेलं की बटण दाबणं आणि तलवार फिरणं यात अंतर जाणवायला लागतं. 15-20 एफपीएसवर गेम 'चालू' असतो, पण खेळता येत नाही.

एक खरं उदाहरण घेऊ

ऑगस्ट 2024 मध्ये 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा चिनी गेम आला. दिसायला देखणा आणि हार्डवेअरला जड. कंपनीने जाहीर केलेली किमान गरज अशी आहे: इंटेल कोअर आय5-8400 किंवा रायझन 5 1600 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 6 जीबीचं जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड आणि 130 जीबी जागा.

यादी वाचून वाटतं, जीटीएक्स 1060 तर 2016 चं कार्ड, आजचा कुठलाही लॅपटॉप त्याला सहज मागे टाकेल. पण यादीतली ही नावं डेस्कटॉपची आहेत. ते कार्ड 120 वॅट वीज घेतं आणि त्याच्याकडे स्वतःची 6 जीबी मेमरी आहे. बजेट लॅपटॉपमध्ये मिळणारं आरटीएक्स 2050 हे कार्ड नवं असलं, तरी 30 ते 45 वॅटवर चालतं आणि त्याची मेमरी 4 जीबी आहे. नाव नवं, पण खिसा लहान.

म्हणून लॅपटॉपच्या किमतीपेक्षा आणि प्रोसेसरच्या स्टिकरपेक्षा चार आकडे महत्त्वाचे.

आकडा पहिला: ग्राफिक्सची स्वतःची मेमरी

याला व्हीरॅम म्हणतात. चाळीस हजारांच्या आसपासच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्डच नसतं. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं आणि ते मुख्य रॅममधूनच जागा घेतं. सोप्या भाषेत सांगायचं, तर असं ग्राफिक्स कॉट बेसिसवर राहतं. स्वतःची खोली नाही, रॅमच्या खोलीत एक खाट. खोली 8 जीबीची असेल, तर विंडोज, ब्राउझर आणि गेम सगळे त्याच खोलीत धक्काबुक्की करतात.

इथे एक गंडवणारा आकडा समोर येतो. 16 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर 'शेअर्ड जीपीयू मेमरी' साधारण 8 जीबी दाखवतो. ते ऐकवून "आठ जीबी ग्राफिक्स आहे" असं सांगितलं जातं. तो आकडा उसना असतो, विंडोज साधारण निम्मी रॅम तिथे दाखवते. बघायचा आकडा आहे 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी'. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबायची, 'परफॉर्मन्स'मध्ये जायचं आणि 'जीपीयू' निवडायचं. डेमो पीसवर हे अर्ध्या मिनिटात होतं.

आज नव्या भारी गेमसाठी 6 जीबी हा सुरक्षित आकडा म्हणता येईल. 4 जीबीवर टेक्श्चर कमी करून निभावतं. वेगळी मेमरीच नसेल, तर असे गेम सोडून द्यावेत.

आकडा दुसरा: वॅट

ही गोष्ट जाहिरातीत सहसा मोठ्या अक्षरांत नसते. लॅपटॉपचं आरटीएक्स 3050 कार्ड 35 वॅटपासून 80 वॅटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीने बसवलं जातं. आरटीएक्स 4050 तर 35 पासून 115 वॅटपर्यंत. दोन लॅपटॉपवर नाव तेच, स्टिकर तोच, पण एकाला पेट्रोल निम्मंच सोडलेलं असतं. हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर 'टीजीपी' किंवा 'कमाल ग्राफिक्स पॉवर' या नावाने मिळतो. 3050 हे कार्ड 4 जीबी आणि 6 जीबी अशा दोन्ही रूपांत येतं, हेही तिथेच तपासता येतं.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षरही बघावं. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा आणि बॅटरी जपणारा. 'एच' म्हणजे जास्त ताकदीचा. पातळ, हलका आणि दहा तास बॅटरीवाला लॅपटॉप कॉलेजला मस्त, पण भारी गेमसाठी तो बनलेलाच नसतो.

आकडा तिसरा: रॅम

वुकाँगसारख्या गेमसाठी 16 जीबी ही किमान गरज आहे. 8 जीबीचा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का, हे आधी विचारावं. काही मॉडेलमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही, त्यांच्यासाठी दुसरी स्टिक बसवणं हाच सगळ्यात परवडणारा उपाय. एकाऐवजी दोन स्टिक असल्या की रॅमचा रस्ता दुपदरी होतो आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा चांगलाच फायदा होतो.

आकडा चौथा: जागा

512 जीबी एसएसडीवर विंडोज प्रत्यक्षात साधारण 476 जीबी दाखवते. त्यातून विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट वजा केले, तर 130 जीबीचे दोन गेमही दाटीवाटीने बसतात. शिवाय 130 जीबी मोबाइल डेटावर उतरवणं परवडत नाही, घरात वायफाय लागतंच.

डीएलएसएस नावाचा जुगाड

मग 4 जीबीवाले लोक वुकाँग खेळतात तरी कसा? याचं उत्तर आहे अपस्केलिंग. डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस ही त्याची तीन नावं. गेम छोटं चित्र बनवतो आणि सॉफ्टवेअर ते मोठं करून दाखवतं. 1080पीच्या पडद्यावर 'क्वालिटी' मोड आतून 720पीचं चित्र बनवतो, तर 'परफॉर्मन्स' मोड थेट 540पीचं. काम कमी झालं की एफपीएस वाढतात. बदल्यात केस, गवत, लांबची झाडं थोडी पुसट दिसतात.

डीएलएसएस फक्त एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डवर चालतं, एफएसआर इतर कार्डांवरही वापरता येतं. 4 जीबीच्या आरटीएक्स कार्डावर सेटिंग 'लो' आणि अपस्केलिंग चालू, अशा जोडीने वुकाँग 30 च्या आसपास ठेवता येतो. म्हणजे दुसरा अर्थ साधला. तिसरा नाही.

काही गेम मात्र दारातूनच परत पाठवतात

डिसेंबर 2024 मधला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे 2025 मधला 'डूम: द डार्क एजेस' या दोन्ही गेमना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं आहे. रे ट्रेसिंग म्हणजे उजेड आणि सावल्यांचा हिशोब खऱ्या प्रकाशकिरणांसारखा करणं. जीटीएक्स 1650 सारख्या एकेकाळच्या लाडक्या कार्डात ती सोयच नाही, त्यामुळे तिथे सेटिंग कमी करून भागत नाही. दोन्ही गेमची किमान गरज 8 जीबीचं आरटीएक्स 2060 सुपर आहे. बजेट लॅपटॉप घेणाऱ्याने हा आकडा बघून पुढची चार वर्षं कुठल्या दिशेने जाणार आहेत, हे समजून घ्यावं.

आणि जीटीए 6?

लॅपटॉप घेताना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रॉकस्टारने नोव्हेंबर 2025 मध्ये या गेमची तारीख 19 नोव्हेंबर 2026 अशी जाहीर केली, ती प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. त्या घोषणेत पीसीचं नाव नव्हतं. याआधी जीटीए 5 कन्सोलवर सप्टेंबर 2013 मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल 2015 मध्ये. 'रेड डेड रिडेम्प्शन 2' ला साधारण एक वर्ष लागलं. त्यामुळे पीसीची अधिकृत यादी यायच्या आधी "यावर जीटीए 6 चालेल" असं सांगून कुणी लॅपटॉप विकत असेल, तर ते वाक्य हवेतलं आहे.

पिंपळे गुरवचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळिशीजवळ जातो. गेम खेळताना लॅपटॉप आधीच तापलेला असतो आणि प्रोसेसर 95-100 अंशांच्या मर्यादेला टेकला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. पहिली दहा मिनिटं 45 एफपीएस आणि नंतर 28, याचं कारण अनेकदा गेम नसतो, गादी असते. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते. तो टेबलावर ठेवावा, मागची बाजू थोडी उचलावी आणि धूळ साफ करून घ्यावी. चार्जर लावूनच खेळावं, कारण बॅटरीवर ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळत नाही. लाइट गेली की एफपीएसही पडतात.

पैसे न घालवता तपासायचं कसं?

वुकाँगचं बेंचमार्क टूल स्टीमवर फुकट आहे. मित्राकडे तसाच लॅपटॉप असेल, तर त्यावर ते चालवलं की सरासरी एफपीएस समोर येतात. यूट्यूबवर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव आणि गेमचं नाव टाकून व्हिडिओ बघावा. फक्त कार्डाचं नाव टाकू नये, वॅट वेगळे असू शकतात.

गेम घेतल्यावर झेपला नाही, तर स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर रिफंड मागता येतो. 'आधी क्रॅक टाकून बघू' हा मार्ग टाळावा. त्याच लॅपटॉपवर वडिलांचं नेट बँकिंगही उघडलं जातं.

नवा गेम म्हणजे भारी गेम नव्हे

'व्हॅलोरंट' 2020 मध्ये आला, पण 30 एफपीएससाठी त्याची किमान गरज 4 जीबी रॅम आणि प्रोसेसरमधलं जुनं इंटेल एचडी 4000 ग्राफिक्स एवढीच होती. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. तो आधी निंटेंडो स्विचवर आला, ज्यात एकूण मेमरीच 4 जीबी आहे. खेळायला गेम भरपूर आहेत, अडचण फक्त वरच्या फळीतल्या गेमची आहे.

मग उत्तर काय?

वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप: भारी नवे गेम नाहीत, हलके आणि जुने गेम होय. 4 जीबीचं आरटीएक्स कार्ड आणि 16 जीबी रॅम: आजचे बरेच गेम 'लो'वर होय, दोन वर्षांनंतरच्या गेमची खात्री नाही. 6 जीबीचं कार्ड आणि चांगले वॅट: बहुतेक गेम 'मीडियम'च्या आसपास होय, पण त्यासाठी बजेट अनेकदा साठ हजारांच्या वर जातं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरलाही उपयोगी पडतं, त्यामुळे मेकॅनिकलच्या पोरांचं घरी सांगितलेलं कारण अगदीच खोटं ठरत नाही. मात्र ईएमआय दहा हजारांनी वाढवायचा की गेम 'लो'वर खेळायचा, हा निर्णय पैसे भरणाऱ्याला खरे आकडे दाखवूनच व्हायला हवा.