काळे स्मृतिव्याख्यान, १९३९ : संस्थानी प्रजेचा प्रश्न आणि पुण्याचे व्यासपीठ

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या जुन्या मराठी घराण्यांत व्याख्यानमालांचा विषय निघाला, की पाठोपाठ राजाश्रयाची कृतज्ञ आठवण निघतेच. ती अस्थानी नाही. ग्रंथालये, शाळा, पाठशाळा, कलाशाळा यांना आपल्या दरबारांनी जो आधार दिला, त्याचे फळ आपण अद्यापि उपभोगीत आहोत. मात्र ज्या व्याख्यानात आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजकीय भवितव्याचा रोखठोक विचार झाला, ते पुण्यात झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृतिव्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ‘फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम’ या विषयावर केलेले ते भाषण होय. आपल्या मंडळींत त्याची चर्चा फारशी ऐकू येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

साताऱ्याचे वकील रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ही संस्था १९३० साली उभी राहिली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचा तिला आधार होता, आणि धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. काळे यांच्या नावाची व्याख्यानमाला १९३७ पासून सुरू झाली. दरवर्षी एक पाहुणा, एक विषय आणि नंतर छापील पुस्तिका, असा तिचा साधा परिपाठ. १९४१ साली ठक्करबाप्पा आदिवासींच्या प्रश्नावर बोलले. १९४८ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी मध्यवर्ती बँकेच्या कार्याचा आढावा घेतला. आयुष्यभर ज्या कामात माणूस बुडालेला असे, त्याच कामाविषयी त्याला बोलावयास लावावे, हा गुण आम्हांस या मालेत विशेष वाटतो. नुसत्या नामवंताला बोलावून त्याच्याकडून ‘जीवन आणि साहित्य’ असल्या विषयावर तासभर काढून घेण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्याशी ताडून पाहिल्यास फरक ध्यानी येईल.

आंबेडकरांच्या भाषणाचा विषय समजण्यासाठी १९३५ च्या कायद्याकडे वळले पाहिजे. त्या कायद्यान्वये प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ साली निवडणुका झाल्या, हे सर्वश्रुत आहे. त्याच कायद्याचा दुसरा भाग अखिल भारतीय संघराज्याचा होता. खालसा मुलूख आणि संस्थाने यांचे मिळून एक राज्य व्हावयाचे होते. कनिष्ठ सभागृहातील ३७५ जागांपैकी १२५ आणि वरिष्ठ सभागृहातील २६० पैकी १०४ जागा संस्थानांसाठी राखून ठेवल्या होत्या. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या सुमारे एकचतुर्थांश. म्हणजे वाटा हिश्श्याहून मोठा. एकट्या हैदराबादला कनिष्ठ सभागृहात १६ व वरिष्ठ सभागृहात ५ जागा होत्या. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या जागांवर बसणारी माणसे संस्थानिक नेमणार होते. प्रजा ती निवडून देणार नव्हती. पुण्याचा वा नगरचा करदाता मतपेटीपाशी जाणार, आणि इंदूरचा वा ग्वाल्हेरचा रहिवासी दरबारने कोणाला धाडले ते वर्तमानपत्रात वाचणार, अशी ती रचना होती.

गोलमेज परिषदेत मवाळ पक्षाच्या अनेक पुढाऱ्यांनी या संघराज्याचे स्वागत केले होते. त्यांत गोखल्यांच्या मागून भारत सेवक समाजाची धुरा वाहिलेले श्रीनिवास शास्त्रीही होते. त्याच समाजाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने या योजनेच्या कठोर टीकाकारास व्यासपीठ दिले, ही गोष्ट आम्हांस त्या मालेच्या थोरवीची खूण वाटते. आंबेडकर त्या वेळी स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते व मुंबई विधानसभेचे सभासद होते; गोलमेज परिषदेत ते स्वतः बसलेले होते. त्यामुळे योजनेची जन्मकथा त्यांना कोणाकडून ऐकावयाची नव्हती.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. संरक्षण आणि परराष्ट्रव्यवहार ही खाती व्हाइसरॉयच्या हाती राखीव राहणार. तेव्हा मध्यवर्ती सरकारास मिळणारी जबाबदारी अर्धीमुर्धी. जनतेने निवडलेल्या सभासदांच्या शेजारी संस्थानिकांनी नेमलेले सभासद बसणार. तेव्हा लोकमताला कायमचा लगाम. संस्थानांचा प्रवेश करारांवर आधारलेला असल्यामुळे पुढे घटना सुधारावयाची म्हटली, की संस्थानिकांच्या संमतीचा अडसर उभा राहणार. तेव्हा वसाहतीच्या स्वराज्यापर्यंत जाण्याची वाटच बंद. संघराज्य आणि स्वातंत्र्य ही एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, हा शीर्षकाचा अर्थ यातून उलगडतो.

संस्थानांच्या अस्तित्वाविषयीही त्यांनी स्पष्ट प्रश्न विचारला. त्या काळच्या प्रचलित गणनेप्रमाणे ५६२ संस्थानांपैकी ४५४ संस्थानांचे क्षेत्रफळ एक हजार चौरस मैलांहून कमी, आणि ३७४ संस्थानांचे उत्पन्न एक लाख रुपयांहून कमी होते. एवढ्या उत्पन्नात प्रजेला शाळा, दवाखाना, न्यायालय कोण देणार? सार्वजनिक कामासाठी भरपाई देऊन जमीन ताब्यात घेतात, त्याच न्यायाने अशा संस्थानिकांना निवृत्तिवेतन देऊन मुलूख मोकळा करावा, असे त्यांनी सुचविले. राजनिष्ठेच्या वातावरणात वाढलेल्या मंडळींच्या कानांना हे शब्द त्या वेळी कसे लागले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. आपल्या राजधान्यांच्या सभागृहांत इतिहास, काव्य, धर्म यांवर मनमोकळी भाषणे होत. पण ‘राजाची गरज आहे काय’ हा विषय तेथे कार्यक्रमपत्रिकेवर सहजासहजी येण्यासारखा नव्हता.

याच महिन्यात सातारा भागातील औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेच्या हाती कारभार सोपविणारी घटना जाहीर केली. राजकोट आणि हैदराबाद येथे प्रजेची आंदोलने पेटलेली होती. आणि भाषणानंतर अवघ्या आठ दिवसांनी, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, सयाजीराव महाराजांचे मुंबईत देहावसान झाले.

सयाजीराव आणि आंबेडकर यांचा संबंध बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नको. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी आंबेडकरांना मिळालेली शिष्यवृत्ती बडोदे सरकारची होती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारा, काळाच्या पुढे पाहणारा असा हा राजा; तरी त्याच्या धारासभेलाही अंतिम अधिकार नव्हता. त्याच शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली आंबेडकर नोकरीवर रुजू होण्यास बडोद्यात आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले; तेथूनही त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. महाराजांचे औदार्य त्या रात्री त्यांच्या कामी आले नाही. आपल्या घराण्यांची घरे त्याच शहरात होती, आणि त्यांतील एकही दार त्यांच्यासाठी उघडल्याची नोंद नाही. राजाच्या चांगुलपणावर प्रजेचे हक्क सोडून चालत नाही, हे आंबेडकर १९३९ साली बोलत होते, ते ग्रंथांतून शिकलेले नव्हते.

भाषण वेळेच्या मानाने फार लांबले होते. त्यामुळे व्यासपीठावर काही भाग गाळावा लागला, आणि पूर्ण मजकूर पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाला. त्या वर्षी सप्टेंबरात महायुद्ध सुरू होताच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संघराज्याची तयारी थांबविली आणि ती योजना पुन्हा उठली नाही. पुढचा क्रम आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला. ग्वाल्हेर-इंदूर मध्यभारतात आले १९४८ साली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद. आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात. संस्थानिकांना तनखे मिळाले, ते राज्यघटनेत नोंदले गेले आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले. ज्या मसुदा समितीने ती घटना लिहिली, तिचे अध्यक्ष आंबेडकरच होते.

मूळ इंग्रजी भाषण महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर-वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आहे. संस्थानी काळातील आपल्या घराण्यांच्या सनदा आणि दप्तरे जपणाऱ्यांनी तो खंडही शेजारी ठेवावा, अशी विनंती आहे.