दोन बाजूंच्या मधला माणूस

आमच्या कशेळीच्या गोदामांत रोज जी खोकी उतरतात, त्यांतील पुष्कळांवर चिनी अक्षरे छापलेली असतात. पाठीवरून ती वाहणारा हमाल ती अक्षरे रोज पाहतो, आम्हीही पाहतो. वाचता मात्र कोणालाच येत नाहीत. मध्यंतरी एका तरुण हमालाने आम्हांला विचारले, "भाऊ, हे वाचणारा आपल्या मराठी माणसांत कोणी झाला का हो?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांला बरीच पुस्तके चाळावी लागली. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते संघटनेच्या कचेरीत येणाऱ्या वर्तमानपत्रांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वानाच्या अधिकाराने नव्हे, तर शोध लागलेल्या माणसाच्या आनंदाने आम्ही ते उत्तर येथे मांडीत आहोत.

चीन म्हटले की आपल्याला आठवतात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते गेले, चिनी भाषा शिकले, आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांचे नाव घरोघर पोचले, ते योग्यच झाले. परंतु त्यानंतर पाचच वर्षांनी आणखी एक मराठी तरुण चीनला गेला, आणि त्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव वसंत वासुदेव परांजपे.

परदेशी शिकायला जाणे म्हणजे विलायतेला जाणे, असा तो काळ. बॅरिस्टर होऊन यावे, नाही तर मोठी पदवी घेऊन यावे. परांजपे उलट्या दिशेला गेले. १९४७ साली भारत सरकारने चिनी भाषेच्या अभ्यासासाठी जे थोडे विद्यार्थी शिष्यवृत्तीवर पाठविले, त्यांत ते होते. पेकिंग विद्यापीठात, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, त्यांचे शिक्षण सुरू झाले.

ही भाषा शिकणे म्हणजे काय, याची श्रोत्यांनी थोडी कल्पना करावी. आपल्या बाराखडीसारखी सोय तिथे नाही. वर्तमानपत्र नीट वाचायचे, तर तीनेक हजार चिन्हे डोळ्यांत आणि हातात बसावी लागतात. उच्चाराचे तर त्याहून बिकट. 'मा' हा एकच ध्वनी एका सुरात आई होतो, दुसऱ्या सुरात ताग, तिसऱ्यात घोडा, आणि चौथ्यात शिव्या देणे! क्रियापदाला काळाचे रूप नाही. 'जातो', 'गेला', 'जाईल' हा भेद मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखायचा. कान तयार नसेल, तर अशा भाषेत माणूस पदोपदी फसेल.

आणि काळ कसा, तर उलथापालथीचा. १९४८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने नवे नाणे काढले, तेव्हा जुन्या चलनाचे तीस लाख देऊन नव्यातला एक युआन मिळे. महागाई कोणत्या थराला गेली होती, हे यावरून कळावे. १९४९ च्या जानेवारीअखेर साम्यवादी सेना पेकिंग शहरात आली, आणि १ ऑक्टोबरला नवे प्रजासत्ताक जाहीर झाले. भारताने वर्ष संपता संपता त्याला मान्यता दिली; १ एप्रिल १९५० पासून उभय देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. आता आपल्या वकिलातीला चिनी जाणणारा माणूस हवा होता. परांजपे वकिलातीत गेले आणि दुभाषी झाले.

दुभाषी म्हणजे पोपट, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती चुकीचा आहे, हे १९५४ च्या करारावरून दिसते. तिबेटमधील व्यापार आणि यात्रा यांविषयीची ही वाटाघाट ३१ डिसेंबर १९५३ पासून चार महिने पेकिंगमध्ये चालली. पंचशीलाची पाच तत्त्वे चौ एन-लाय यांनी पहिल्याच दिवशी आपल्या शिष्टमंडळापुढे मांडली होती. तत्त्वांवर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो साध्या शब्दांवर. हिमालयातील सहा खिंडींचा उल्लेख करारात यायचा होता. चिनी मसुदा म्हणे, "चीन सरकार पुढील खिंडी खुल्या करण्यास संमती देत आहे." आपल्या लोकांनी हरकत घेतली, कारण संमती देतो म्हणणारा मालक ठरतो. शेवटी वाक्य असे ठरले की, दोन्ही देशांचे व्यापारी व यात्रेकरू पुढील खिंडींतून ये-जा करू शकतील. मालक कोण, हा प्रश्न वाक्यातून अलगद बाहेर काढला गेला. २९ एप्रिल १९५४ रोजी सह्या झाल्या. हिंदी, चिनी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतील मसुदे सारखेच प्रमाण मानले गेले. करारात सीमेविषयी मात्र एक अक्षरही नव्हते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरू पेकिंगला गेले. माओ त्से-तुंग आणि नेहरू समोरासमोर बसले, तेव्हा एकाचे बोलणे दुसऱ्याला पोचविण्याचे काम परांजपे यांच्याकडे आले. माओंचे उच्चार त्यांच्या हुनान प्रांताचे, शहरात शिकलेल्याला सहज न कळणारे. निरोपाच्या वेळी तर माओंनी छू युआन या दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कवीचा आधार घेतला. अशा प्रसंगी मध्ये बसलेल्या माणसावर केवढा भार असतो! जगातील जवळजवळ एकतृतीयांश माणसांचे दोन पुढारी, आणि त्यांच्यामध्ये भाषेचा एवढाच पूल.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही मजुरीवाढीचा करार केला. ताक्यामागे किती पैसे वाढणार, ते ठरले, लिहिले गेले. सह्यांच्या आदल्या सभेत एक वृद्ध तेलुगू विणकर पुन्हा पुन्हा उठून काही विचारीत होता. आम्हांला तेलुगू येत नव्हते, रात्र झाली होती. शेजारच्या पोराने सांगितले, "काका खूश आहेत." आम्ही पुढे गेलो. दोन महिन्यांत मालकाने शंभर मीटरचा ताका एकशेवीस मीटरचा केला. दर करारातलाच राहिला, वाढ मात्र हवेत गेली. नंतर कळले की म्हातारा विचारीत होता, "ताका केवढा, ते लिहिले का?" त्यानंतर आम्ही तेलुगू शिकलो, पण त्या विणकराच्या पगारातून जे गेले, ते आमच्या शिकण्याने परत आले नाही.

१९५४ च्या करारात सीमा लिहिली नव्हती, ती ताक्याच्या लांबीसारखी. आपली भूमिका अशी की, सीमा ठरलेलीच आहे. तिचा विषय काढणे म्हणजे ती वादात आहे असे कबूल करणे. १ जुलै १९५४ च्या टिपणात नेहरूंनी नकाशांवर सीमा पक्की दाखविण्यास सांगितले. चीन गप्प राहिला. १९५७ मध्ये अक्साई चीनमधून त्यांची सडक पुरी झाली. २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात चौ एन-लाय यांनी लिहिले की, सीमा रीतसर आखली गेलेलीच नाही, आणि १९५४ साली वेळ पक्व नव्हती म्हणून प्रश्न काढला नाही. एकाच मौनाचे दोघांनी दोन अर्थ केले होते. शब्दांचा अनुवाद करणारा माणूस होता; मौनाचा अनुवाद कोण करणार? एप्रिल १९६० मध्ये चौ दिल्लीत आले, तासन् तास बोलणी झाली आणि निष्फळ ठरली. १९६२ च्या जूनमध्ये त्या आठ वर्षांच्या कराराची मुदत संपली, आणि २० ऑक्टोबरला युद्ध पेटले.

पुढे कितीतरी वर्षे पेकिंगमध्ये भारताचा राजदूतच नव्हता. १९७६ साली के. आर. नारायणन, जे नंतर राष्ट्रपती झाले, ते गेले, तेव्हा कुठे ती जागा भरली. परांजपे राजदूतपदाला पोचले, पण इथिओपियात आणि दक्षिण कोरियात. ज्या शहरात ते विद्यार्थी म्हणून गेले, तिथे राजदूत म्हणून जाण्याचा योग त्यांना आला नाही. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले. पंचशीलाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा २००४ साली त्यांनी त्या दिवसांवर लेख लिहिला. पाहिलेले सांगायचे राहून जाऊ नये, ही त्या वयातली तळमळ आम्हांला मोठी वाटते.

त्यांनी धरलेली वाट मात्र मोडली नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात डोकलाम येथे दोन्ही सैन्ये सुमारे अडीच महिने समोरासमोर उभी होती. तेव्हा बीजिंगमध्ये भारताचे राजदूत होते विजय गोखले, आणि त्यांच्या मागोमाग गेले गौतम बंबावाले. दोघेही मराठी, दोघेही चिनी जाणणारे. ऑगस्टअखेर गोळी न झाडता तो पेच सुटला. त्याचे श्रेय एकट्यादुकट्याला देता येत नाही; पण समोरच्याची भाषा कळणारी माणसे तिथे होती, ही गोष्ट लहान नव्हे.

यावरून कोणी म्हणेल की, १९६२ पाहता परांजपे यांचे शिकणे वाया गेले. आम्हांला तसे वाटत नाही. दुभाष्याच्या हातात करार नसतो. समोरचा काय बोलला आणि काय टाळून गेला, हे आपल्या बाजूला सांगणे एवढेच त्याच्या हातात असते. ते ऐकून घेणे हे खुर्चीवर बसलेल्याचे काम. आम्ही त्या रात्री खुर्चीवर होतो, आणि म्हाताऱ्याला विचारायला थांबलो नाही.

त्या तरुण हमालाला आम्ही हे सारे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे झाला एक." आम्ही म्हणालो, "झाले, आणि त्यांच्यामागून आणखीही झाले." गोदामातल्या एका मुकादमाकडून त्याने आता चिनी आकडे तेवढे शिकून घेतले आहेत. खोक्यावरचे वजन तो स्वतः वाचतो, आणि चिठ्ठीशी ताडून पाहतो.